कान्याची वेलांटी : दोन पुरुषांची प्रेमकथा आणि आपण

२००६ सालच्या उन्हाळ्यात वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आमच्याकडे टपालाने एक कथा आली. फुलस्केप कागद, एका बाजूला लिहिलेले, अक्षर मास्तरासारखे वळणदार. आम्ही तेव्हा एका वार्षिकाचा कथाविभाग पाहत होतो. मुस्लिम नावाच्या लेखकाकडून आलेली मराठी कथा म्हटली की तलाक, दंगल, फाळणीचे ओझे किंवा मोहल्ल्यातली गरिबी हे चार विषय ठरलेले. ही कथा त्यातली नव्हती, म्हणून आम्ही ती एका बैठकीत वाचली.

कथा अशी. बाजार समितीतल्या मापाऱ्याचा मुलगा आणि काळी-पिवळी चालवणारा त्याचा दोस्त. सोयाबीनचा हंगाम. रात्री उशिरा मोजमाप संपले की दोघे पोत्यांच्या थप्पीवर बसतात. मंगरूळपीरला हयात कलंदरांच्या उरुसात ते एक रात्र जागतात, आणि तिथे गर्दीत हात धरला जातो तो सकाळपर्यंत सुटत नाही. मग एक जण पुण्याला कामाला जातो. दुसरा वाशिम स्टेशनावर छोट्या लायनीच्या गाडीची वाट पाहत राहतो. (अकोला-पूर्णा मार्ग तेव्हा मीटरगेजच होता.) गेलेला परत येतो. दोघे अकोल्यात एक खोली भाड्याने घेतात. शेवटच्या परिच्छेदात स्टोव्ह पेटत नाही म्हणून त्यांचे भांडण होते आणि कथा तिथेच संपते. कोणी मरत नाही. कोणाला पश्चात्ताप होत नाही.

आम्ही लेखकाला पत्र लिहिले. कथा उत्तम आहे, वातावरण अस्सल आहे, फक्त दोघांपैकी एकाला मुलगी करता आले तर पाहावे. आपला वाचक वेगळा आहे. पंधरा दिवसांत दुरुस्त प्रत आली. ती आम्ही छापली. चार-पाच पत्रे आली, सगळी कौतुकाची. लेखकाने मात्र आमच्याकडे पुन्हा कथा पाठवली नाही, आणि का पाठवली नाही हे आम्हीही कधी विचारले नाही.

गेल्या वर्षी विचारले. त्याने मूळ कथेची कार्बन प्रत जपून ठेवलेली होती. ती आणि छापील कथा आता आमच्यासमोर शेजारी शेजारी आहेत. हा लेख त्या दोन प्रतींविषयी आहे. लेखकाची परवानगी आहे. नाव आणि गाव सांगण्याची नाही.

मराठीत हा बदल वरवर पाहता फार छोटा आहे. ‘तू गेलास’ याचे ‘तू गेलीस’ करायचे. कान्याची वेलांटी. पण मराठी भाषा या बाबतीत भारी कडक आहे. इंग्रजीत प्रियकराला ‘तू’ म्हणून शंभर पाने लिहिता येतात आणि तो पुरुष की स्त्री हे कळत नाही. मराठीत पहिल्या क्रियापदालाच लेखक पकडला जातो. वऱ्हाडीत शेवटचा ‘स’ गळतो, ‘तू गेला’, ‘तू गेली’ होते, पण लिंग काही गळत नाही. लपायला जागा दोनच. ‘तू पाहिलंस’, ‘तू सांगितलंस’ अशी सकर्मक क्रियापदे कर्त्याकडे बघतच नाहीत. आणि दुसरी जागा भविष्यकाळ. ‘तू येशील’, ‘मी थांबेन’ यात कोण स्त्री, कोण पुरुष हे विचारले जात नाही.

मूळ प्रत वाचताना आमच्या लक्षात आले की लेखकाला हे पक्के ठाऊक होते. कथेची पहिली दोन पाने त्याने अशाच वाक्यांत लिहिली आहेत. तू सांगितलंस, तू आणशील, तू विचारलंस. वाचक दोन पाने सुखाने चालतो. तिसऱ्या पानावर, उरुसाच्या रात्री, पहिल्यांदा ‘तू हसलास’ येते. कथेचा सारा भार त्या एका क्रियापदावर आहे. दुरुस्तीत तिथे ‘हसलीस’ झाले आणि त्या दोन पानांची मेहनत मातीत गेली. आम्ही ती दोन पाने तेव्हा ‘जरा कृत्रिम’ म्हणून लेखकाला कळवली होती, हेही नोंदवले पाहिजे.

पुढचे नुकसान याहून मोठे. मुलगी रात्री अकरा वाजता बाजार समितीत पोत्यांवर बसू शकत नाही. म्हणून ती गच्चीवर गेली. मुलगी उरुसात रात्रभर अनोळखी गर्दीत उभी राहू शकत नाही. म्हणून तिच्यासोबत एक फूफी आली, जिला कथेत दुसरे काही काम नाही. मुलगी आणि मुलगा अकोल्यात खोली घेऊन राहू शकत नाहीत. म्हणून शेवटी तिचा निकाह दुसरीकडे झाला आणि मुलगा स्टेशनावर रडला. स्टोव्ह गेला. त्या स्टोव्हसारखी खरी वस्तू त्या वर्षीच्या आमच्या अख्ख्या अंकात नव्हती. एका वेलांटीने एक सुखान्त प्रेमकथा चारचौघींसारखी शोकांतिका झाली, आणि वाचकांना ती ‘आपली’ वाटली.

हे आमच्या हातून झाले. पण असे संपादन करणारे आम्ही पहिले नव्हतो. उर्दू गझलेत माशूक व्याकरणाने पुल्लिंगी असतो हे आपल्या घराघरांत माहीत आहे. आपण त्याचा अर्थ खुदा, मुर्शिद किंवा परंपरेचा रिवाज असा लावून पुढे जातो. पुष्कळदा तो अर्थ बरोबरही असतो. पण पुष्कळदा माशूक नुसता पुरुष असतो. मौलाना हालींनी १८९३ च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’त गझलेतल्या अशा खुणांवर आक्षेप घेतला. पुरुषाच्या चेहऱ्यावर नुकती उगवणारी लव वगैरे वर्णने शायरीतून जावीत असे त्यांचे मत होते. हाली थोर होते, त्यांची तळमळ खरी होती. परंतु त्या दिवसापासून आपल्या शायरीच्या हिशेबवहीतली काही पाने चिकटवली गेली ती गेलीच.

त्या पानांत आपल्या मातीतला एक माणूस आहे. सिराज औरंगाबादी. आज छत्रपती संभाजीनगर झालेल्या शहरातला अठराव्या शतकातला हा शायर. तारुण्यात बेखुदीच्या अवस्थेत तो खुलताबादला हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती फिरत राहिला. त्याच्या गझला कव्वाल आजही गातात. त्याची ‘बोस्तान-ए-खयाल’ ही मसनवी मात्र फारसे कोणी वाचत नाही. ती पुरुषाने गमावलेल्या पुरुषाच्या प्रेमाची कहाणी आहे. इतिहासकार सलीम किदवई (मृत्यू २०२१) यांनी रूथ वनिता यांच्याबरोबर २००० साली भारतातल्या समलिंगी प्रेमाच्या लेखनाचा जो मोठा संग्रह इंग्रजीत काढला, त्यात सिराजला जागा आहे. दख्खनचा शायर आम्हाला लखनौच्या माणसाने, इंग्रजीतून, परत दाखवला. आमच्या वार्षिकांत सिराजवर लेख आले नाहीत असे नाही. त्या लेखांत ती मसनवी सूफी रूपक म्हणून दोन ओळींत संपते.

वाशिमची तर गोष्टच न्यारी. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न याच गावी लावले आहे, आणि हे गाव मदनाचे क्रीडास्थान असल्याचे तो सांगतो. लग्नही गांधर्व पद्धतीचे. म्हणजे ना मांडव, ना काजी, ना भटजी. ज्या गावात कविता आणि साहित्य कोणाला न विचारता एकत्र राहू लागले, त्या जिल्ह्यातल्या लेखकाला आम्ही खोली नाकारली.

मराठीकडे वळू. दोन माणसांच्या अशा प्रेमाला मराठीने दार उघडले ते तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने, १९८१ साली. रोहिणी हट्टंगडी यांनी केलेली मित्रा ज्यांनी पाहिली ते अजून तिची आठवण काढतात. नाटक धाडसाचे होते यात शंका नाही. पण मित्राची गोष्ट सांगतो तो बापू, आणि मित्रा शेवटी मरते. दार उघडले खरे, आत जाणारा जिवंत बाहेर आला नाही. पुढे २००५ साली बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ आली. खिरे अमेरिकेत नोकरी करून परतलेले. पुण्यात २००२ साली त्यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि त्या कामाबरोबर लिहीत राहिले. त्यांच्या कादंबरीत समुपदेशकाचा आवाज लेखकाच्या आवाजावर चढतो असे आमचे मत आहे. परंतु आडगावच्या एकट्या मुलाला तो आवाजच हवा असतो, हे पुण्या-मुंबईच्या समीक्षकाने विसरू नये. आमच्या वाशिमच्या लेखकाने ‘पार्टनर’ची झेरॉक्स प्रत वाचली होती. त्याच्या मते त्यातले लोक फार समजावून सांगतात. ‘सर, आमच्याकडे कोणी कोणाला काही समजावत नाही,’ एवढेच तो बोलला.

कलाकृती म्हणून यातली सर्वांत मोलाची गोष्ट सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’. विशीत लिहायला घेतलेली, २००६ साली प्रसिद्ध झालेली. म्हणजे आमच्याकडे ती कथा आली त्याच वर्षी. पुण्यातल्या जोशी कुटुंबात एक भाडेकरू येतो. तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघे त्याच्याच प्रेमात पडतात. तो अनुजाबरोबर निघून जातो आणि तिलाही सोडून जातो. तनयचा भाग त्या भाडेकरूला उद्देशून आहे, सगळा ‘तू’चा. जेरी पिंटो यांच्या २०१३ च्या इंग्रजी अनुवादातला ‘तू’ आणि मराठीतला ‘तू’ एक नव्हेत. मराठी तनयला प्रत्येक वाक्यात कबुली द्यावी लागते. दर वाक्यात ‘तू’ पुरुष आहे हे सांगत सांगत तो शोक करतो, आणि ते सांगणे हळूहळू साधे होत जाते, इतके की वाचकाला त्याचे काही वाटेनासे होते. हा परिणाम केवळ मराठीच देऊ शकते. भाषेचा कडकपणा इथे लेखकाच्या कामी आला. आमच्या लेखकाने हेच त्याच्या तिसऱ्या पानावर साधले होते, कुंडलकरांचे नावही न ऐकता. २०२२ साली या कादंबरीचा चित्रपट झाला आणि कथा कोचीला गेली. असो.

पण ‘कोबाल्ट ब्लू’तही प्रेम टिकत नाही. मित्रा मरते, भाडेकरू पळतो. मराठीत दोन पुरुषांनी स्टोव्हवरून भांडावे एवढे सुख कोणी लिहीत नाही की काय?

इथे एक दूरचे उदाहरण द्यावेसे वाटते, आणि ते आपल्याला वाटते तितके दूर नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९१३-१४ मध्ये ‘मॉरिस’ लिहिली. दोन पुरुषांची प्रेमकथा आणि शेवट सुखाचा. सुखाचा शेवट त्यांनी हट्टाने ठेवला, आणि त्यापायीच कादंबरी पेटीत ठेवली. ती छापली गेली १९७१ साली, फॉर्स्टर वारल्यानंतर वर्षाने. १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’नंतर जवळजवळ अर्धे शतक ते जगले, पण नवी कादंबरी त्यांनी छापली नाही. ती १९२४ ची कादंबरी अर्पण केली आहे सय्यद रॉस मसूद यांना. मसूद म्हणजे सर सय्यद अहमद खान यांचे नातू, हैदराबाद संस्थानाच्या शिक्षणखात्याचे संचालक, पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू. तरुणपणी फॉर्स्टर मसूदना शिकवायला आले आणि त्यांच्या प्रेमात पडले. मसूदना तसे प्रेम वाटत नव्हते. त्यांनी ते ऐकून घेतले आणि दोस्ती मरेपर्यंत टिकवली. एवढा मोठेपणा एका मुस्लिम घरातल्या तरुणाने शंभर वर्षांपूर्वी दाखवला, आणि त्यातून एक मोठी कादंबरी झाली. आपल्या शाळा-कॉलेजांत सर सय्यद शिकवतात. त्यांच्या नातवाची ही दोस्ती कोणी शिकवत नाही.

त्याच अलीगढमध्ये २०१० साली काय झाले ते सर्वांना आठवत असेल. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस, नागपूरकडचे, तिथे वीसेक वर्षे मराठी शिकवत होते. आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. ८ फेब्रुवारीला दोघे जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले. एका रिक्षावाल्याबरोबरचा त्यांचा खासगी क्षण चित्रित केला गेला. निलंबन त्यांचे झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्ये सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून बाहेर काढलेले होते, तरीही. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. २०१६ साली पडद्यावर आलेल्या ‘अलीगढ’मुळे मनोज वाजपेयींचा चेहरा घेऊन ते देशभर पोहोचले.

आमचा मुद्दा वेगळा आहे. सिरस कवी होते. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा कवितासंग्रह. २००२ साली त्याला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. मुस्लिम विद्यापीठात आयुष्य काढलेला, विदर्भाचा, पुरस्कारप्राप्त मराठी कवी. मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीने, जी १९९० साली सोलापूरच्या पहिल्या संमेलनापासून मराठी आणि मुसलमान यांच्यातला पूल असल्याचे सांगते, या माणसाला एकदा तरी बोलवायला हवे होते. आम्ही बोलवले नाही; आम्हाला तो संग्रह ठाऊकच नव्हता. तो मेल्यावर त्याची कविता शोधली. निलंबन करणाऱ्यांनी त्याच्यातला एकच माणूस पाहिला. त्याच्या बाजूने उभे राहिलेल्यांपैकी पुष्कळांनीही, नाइलाजाने का होईना, तोच एक माणूस पाहिला. आणि आम्ही तेही नाही.

बातमी आली त्या दिवशी वाशिमहून आम्हाला एक पोस्टकार्ड निघाले. त्यावर एकच वाक्य होते : ‘सर, ते मराठीचे होते.’ सही नव्हती. अक्षर आम्ही ओळखले. उत्तर दिले नाही.

आता त्या लेखकाच्या लिहिण्याविषयी. त्याचे एक छोटे दुकान आहे. रात्री शटर अर्धे ओढून तो हिशेबाच्या वहीच्या मागच्या बाजूने लिहितो. आजवर अकरा कथा झाल्या, सगळ्या प्रेमकथा, सगळ्या दोन पुरुषांच्या. त्यांतल्या आठ आम्ही वाचल्या. घरात उर्दू बोलतात, अम्मी आणि मोठे भाऊ उर्दू शाळेत शिकलेले. मराठी बोलतात सफाईने, पण वाचण्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणून तो मराठीत लिहितो. मुस्लिम लेखकाने मराठीत लिहिणे म्हणजे मोहल्ल्यातून चौकात येणे, असे आम्ही संमेलनांतून किती वेळा बोललो असू. या माणसासाठी मराठी हे कुलूप आहे. घरातल्या घरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वही उघडी ठेवता यावी म्हणून त्याने ही भाषा निवडली. मुस्लिम मराठी साहित्याच्या प्रयोजनांची आम्ही केलेली यादी इथे अपुरी पडते. ते कुलूपही आता सैल झाले आहे, कारण पुतणी मराठी शाळेत जाते आणि चाचाच्या वह्या तिला वाचता येतात.

हराम-हलालचा प्रश्न काही वाचक विचारतील. त्याचा निवाडा करणारे आम्ही नव्हे आणि हा लेख ती जागा नव्हे. इस्मत चुगताईंच्या ‘लिहाफ’वर १९४२ नंतर लाहोरला अश्लीलतेचा खटला चालला, त्या निर्दोष सुटल्या, आणि आज उर्दू कथेचा इतिहास ‘लिहाफ’ला वगळून कोणी लिहीत नाही. फैसलाबादचे इफ्ती नसीम शिकागोला जाऊन राहिले आणि १९९४ साली त्यांनी ‘नर्मान’ हा संग्रह उर्दूत काढला. त्यांना निदान शिकागो होते. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून मुक्त केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने अशा जोडप्यांना विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला. अकोल्यातल्या त्या खोलीची स्थिती कायद्याने नेमकी एवढीच आहे : राहता येते, सांगता येत नाही.

आठ कथांपैकी सगळ्या चांगल्या नाहीत. दोन फिल्मी आहेत. एकीतला पाऊस नको तेव्हा पडतो. रस्त्यावरच्या ढाब्याची कथा अर्ध्यात संपायला हवी होती. दर कथेत कोणी ना कोणी स्टेशनावर वाट पाहतो, हे आता पुरे. पण माणसे काम करताना दाखवणे ही या लेखकाची खरी ताकद. त्याचे प्रेमिक मोजतात, उचलतात, टायर बदलतात, उधारी मागतात, आणि प्रेम त्या कामांच्या फटीत होते. आपल्याकडच्या प्रेमकथांत, मग त्या कोणाच्याही असोत, नायक पोटापाण्यासाठी काय करतो हे बहुधा कळतच नाही.

सर्वांत नवी कथा दोन म्हाताऱ्यांची आहे. एकाला मोतीबिंदू झालेला, दुसरा त्याला अकोल्याला ऑपरेशनला घेऊन चाललेला. सबंध कथा भविष्यकाळात आहे. पट्टी सुटेल, तू बघशील, मी उभा असेन. आम्ही त्याला कळवले की एवढा भविष्यकाळ वाचकाला दमवतो. ‘सर, तेवढाच आहे,’ असे उत्तर आले.

२००६ ची मूळ कथा यंदाच्या अंकात छापावी, त्याच्या नावाने किंवा नावाशिवाय, असे आम्ही सुचवले. पुतणीचे लग्न होईपर्यंत थांबा, असे त्याचे म्हणणे आहे. पुतणी नववीत आहे. कार्बन प्रत आता फार फिकी झाली आहे. ती आम्ही नव्याने टाइप करून घेतली. टाइप करणाऱ्या मुलाने तीन ठिकाणी ‘हसलास’चे ‘हसलीस’ केले होते, चूक समजून. ते आम्ही हाताने दुरुस्त केले.